अकरातली सात चुकली

गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशांवरची अकरा पुस्तकं माझ्याकडे आहेत. त्यातली सात घ्यायला नको होती. उरलेल्या चारांपैकी एक तर टाकीत मासे पाळणाऱ्यांसाठी लिहिलेलंच नाही, आणि कपाटातून सगळ्यात जास्त वेळा तेच बाहेर येतं. हा हिशेब लागायला मला पंचवीसएक वर्षं लागली.

टाकी मुळात माझी नव्हती. मुलगा सातवीत असताना त्याच्या हट्टापायी दोन फुटी टाकी घरात आली. पुढं तो शिकायला बंगळुरूला गेला आणि टाकी, पंप, जाळी, सकर मासा हे सगळं माझ्या पदरात टाकून गेला. मी बँकेत नोकरी करणारी बाई. माशांबद्दल मला काहीही ठाऊक नव्हतं. आमच्याकडे तर ते खातही नाहीत. म्हणून पुस्तकं घ्यायला लागले, आणि एकामागून एक चुकत गेले.

१. चित्रं सगळ्यात शेवटी बघायची.

पहिलं पुस्तक पुण्यात अप्पा बळवंत चौकात घेतलं. मुखपृष्ठावर निळा-लाल डिस्कस, आत गुळगुळीत कागद. दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटं चाळलं, त्यातली नऊ मिनिटं नुसती चित्रं बघितली. पुस्तकातला मासा म्हणजे बोहल्यावरचा नवरदेव असतो: पूर्ण वाढलेला नर, विणीच्या दिवसांतल्या रंगात, खास सोडलेल्या उजेडात. आपल्याला दुकानात दिसतात ती त्याच जातीची दीड इंची पोरं, भेदरलेली आणि रंग उतरलेली. दोघांचं नातं लावणं सख्ख्या आईलाही जमायचं नाही. आफ्रिकेतल्या सरोवरांमधल्या सिक्लिडांच्या तर कित्येक जातींत मादी आणि पिल्लं इतकी करडी असतात की एक जात दुसरीपासून वेगळी ओळखू येत नाही.

नर, मादी आणि पिल्लू असे तिन्ही फोटो दिलेत का, हे बघावं. हर्बर्ट ॲक्सलरॉड यांचा जाडजूड ॲटलस या कामाचा आहे. हजारो फोटो, मजकूर जवळजवळ नाहीच, चित्राखाली नुसत्या खुणा. मासा ओळखायला बरा. त्याच्या भरवशावर पाळायला गेलात तर फसाल.

२. ज्या माशानं आपल्याला फसवलंय, त्याचं पान आधी उघडायचं.

आम्हाला ऑस्करनं फसवलं. मुलानं दीड-दोन इंचांचे दोन ऑस्कर आणले. दुकानदार म्हणाला, ‘काकू, काही होत नाही, सगळे एकत्र राहतात.’ राहिले, पण सगळे नाही. दोन महिन्यांत टाकीतले निऑन एकेक करून नाहीसे झाले. मेलेला एकही सापडला नाही, त्यावरून जे समजायचं ते समजले. वर्षभरात ऑस्कर वीतभर झाले आणि वळताना त्यांची शेपूट काचेला लागायला लागली. माझ्या गुळगुळीत पुस्तकात त्यांच्याबद्दल तीन ओळी होत्या: देखणा, माणसाळणारा, सांभाळायला सोपा. माणसाळतो हे अगदी खरं, हातातून खातो. पण तो फूटभराहून मोठा होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो, या दोन गोष्टींना त्या पुस्तकात जागा नव्हती.

तेव्हापासून नवं पुस्तक हातात आलं की मी आधी ऑस्कर काढते आणि मग सकर. सकरची परीक्षा जास्त कडक आहे. दुकानात तो ‘काच साफ करणारा’ म्हणून मिळतो, बोटाएवढा. टेरिगोप्लिक्थिस गटातला हा मांजरमासा दीड फुटाच्या घरात जातो, आणि मोठा झाल्यावर काच साफ करण्यात त्याला विशेष रस उरत नाही. मग लोक तो बादलीत घालून नदीवर नेतात आणि ‘जीव वाचवला’ म्हणत सोडून येतात. सकरच्या पानावर पूर्ण वाढीची लांबी नसेल, तर ते पुस्तक मी मिटून परत फळीवर ठेवते.

या बाबतीत मला सापडलेलं सर्वांत प्रामाणिक पुस्तक म्हणजे रील आणि बेन्श या दोघा जर्मनांचा ‘ॲक्वेरियम ॲटलस’. मूळ जर्मन १९८२ चं, इंग्रजी त्यानंतर काही वर्षांनी आलं. आकारानं लहान, जाडीनं वीट. प्रत्येक माशाखाली एक रुक्ष ओळ असते: तापमान, माशाची लांबी, लागणाऱ्या टाकीची लांबी, मासा पाण्याच्या कुठल्या थरात राहतो आणि तो पाळायला किती अवघड, ते १ ते ४ या आकड्यांत. बँकेतल्या लेजरची सवय असल्यामुळे असेल, पण ती ओळ वाचून मला धीर आला. माशाच्या लांबीशेजारी टाकीची लांबी छापली की आपली दोन फुटी टाकी आपोआप डोळ्यांसमोर येते आणि खिशाकडे गेलेला हात थांबतो.

३. शास्त्रीय नाव नसलेलं पुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नये.

पुण्यातल्या दुकानांत ‘शार्क’ म्हणून किमान तीन वेगवेगळे मासे मिळतात आणि त्यातला एकही शार्क नाही. ‘टायगर’ म्हटलं तर बार्बही निघतो आणि ऑस्करही. अशा बाजारात लॅटिन नावाशिवाय चालणं म्हणजे आडनाव न सांगता सदाशिव पेठेत जोशी शोधणं.

शास्त्रीय नावावरून पुस्तकाचं वयही कळतं. टायगर बार्बचं पान काढा. बार्बस टेट्राझोना असेल तर पुस्तक आजोबांच्या काळातलं. मधल्या काळात तो कधी कापोएटा होता, कधी पुंटियस. २०१३ पासून तो पुंटिग्रस आहे. गप्पीला ‘लेबिस्टिस’ म्हटलं असेल तर पुस्तक हमखास जुनं. नाव बदललं म्हणून मासा बदलत नाही, त्यामुळे एवढ्यावरून पुस्तक टाकून देऊ नये. पण मागं सूचीत जुनी नावंही दिली असतील तर लेखक काळजी घेणारा आहे असं समजावं.

या नावांमागे भांडणंही असतात. कार्डिनल टेट्रा हा लाल-निळा मासा १९५६ च्या फेब्रुवारीत दोन ठिकाणी दोन नावांनी जाहीर झाला: २० तारखेला ॲक्सलरॉड यांच्या स्वतःच्या मासिकात, त्यांच्याच नावानं; आणि २१ तारखेला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पत्रिकेत, दुसऱ्या नावानं. प्रकरण नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगापर्यंत गेलं आणि एका दिवसाच्या फरकानं मासा ॲक्सलरॉडचा झाला. जमिनीच्या सातबाऱ्यावर याहून वेगळं काय होतं!

४. गॅलन कुठल्या देशाचा, हे विचारायचं.

हा धडा महागात पडला. टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. पुस्तक इंग्लंडमधलं होतं, औषधाचं माप दर गॅलनमागे दिलेलं. मी औषधाच्या बाटलीवरचा हिशेब धरला, ३.७८ लिटर म्हणजे एक गॅलन. तो अमेरिकन. इंग्लंडचा गॅलन ४.५४ लिटरचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. इंग्रजी हिशेबानं साडेबारा गॅलनच्या आत, अमेरिकन हिशेबानं पंधराच्या जवळ. म्हणजे औषध वीस टक्के जास्त पडलं. बाकीच्यांनी ते सोसलं. दोन लोच सकाळी तळाशी आडवे होते.

केवळ वीस टक्क्यांनी ते गेले असं मी शपथेवर सांगणार नाही. लोचसारख्या खवले नसलेल्या किंवा अगदी बारीक खवल्यांच्या माशांना ते औषध मुळात निम्म्या मापानं द्यायचं असतं. ते वाक्य त्या पुस्तकात नव्हतंच, पुढं दुसऱ्या पुस्तकात सापडलं. खवल्यांचा हा फरक जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यातल्या मत्स्यविनोदाच्या भागात त्यानं माशांची वाटणी चर्मज आणि शल्कज, म्हणजे नुसत्या कातडीचे आणि खवल्यांचे, अशी केली आहे. राजा गळ टाकायच्या शौकापायी लिहीत होता, त्याला औषधाशी काही देणंघेणं नव्हतं. पण ज्या फरकानं माझे लोच गेले, तो फरक त्याला नऊशे वर्षांपूर्वी नोंदवावासा वाटला होता.

मापं लिटर आणि सेंटिमीटरमध्ये असलेलं पुस्तक घ्यावं. नसतील तर पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं दोन्ही गॅलन लिहून ठेवावेत.

५. पुस्तक कुठल्या पाण्यावर लिहिलंय ते बघायचं.

मासा पाण्यात राहतो, आणि पुस्तक लिहिणाऱ्याच्या नळाला येतं ते पाणी आपल्या नळाला येत नाही. खडकवासल्याचं पाणी काळ्या बेसॉल्टच्या डोंगरांवरून येतं, ते बरंच मृदू असतं. निऑनला ते मानवतं, मोलीला तितकंसं मानवत नाही. पण उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळलं की हिशेब उलटतो. पाण्याचा कठीणपणा आकड्यात सांगणारं पुस्तक हवं. ‘मध्यम कठीण’ असं म्हणणाऱ्याला मी मनात विचारते, कुणाच्या मध्यमानं? जर्मन पुस्तकांत आकडा जर्मन अंशात असतो. एक अंश म्हणजे साधारण १७.८ पीपीएम. एवढं ठाऊक असलं की पुढं अडत नाही.

तापमानाचं तसंच. परदेशी पुस्तकं हीटरवर दोन-दोन पानं लिहितात. पुण्यात हीटर डिसेंबर-जानेवारीत लागतो, खरी पंचाईत एप्रिल-मेमध्ये. आमच्या वरच्या मजल्यावर टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. निऑनला २६ च्या वर फार काळ आवडत नाही. तीन उन्हाळे मी निऑन घालवले आणि तिन्ही वेळा दोष दुकानदाराला दिला. किमान तापमान सगळी पुस्तकं सांगतात, कमाल फार थोडी.

आणि गुरुवार! आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी आणि नळाचं पाणी बंद असतं तेही गुरुवारी. फिल्टर चार-पाच तास बंद राहिला तर आतल्या उपयोगी जिवाणूंचं काय होतं आणि मग काय करावं, हे सांगणारं पुस्तक मला आजवर एकच भेटलं, तेही अर्ध्या परिच्छेदात. त्या अर्ध्या परिच्छेदाखाली मी दोन रेघा मारल्या आहेत.

६. जुनं पुस्तक जरूर घ्यावं, पण त्यातलं काय शिळं झालंय ते कळायला हवं.

जुन्या बाजारात एका रविवारी स्वयंपाकाची मासिकं आणि मोटारीच्या पुस्तिका यांच्या ढिगात विल्यम इनिस यांचं ‘एक्झॉटिक ॲक्वेरियम फिशेस’ सापडलं. पहिली आवृत्ती १९३५ ची. माझी बरीच नंतरची, पुठ्ठा सुटलेली. इनिस फिलाडेल्फियाचे मुद्रक-प्रकाशक, फोटो स्वतः काढायचे. निऑन टेट्राला १९३६ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं तेव्हा ते यांच्यावरूनच ठेवलं गेलं, आणि जातीचं ते नाव आजही ‘इनेसी’ आहे. हा माणूस टाकीसमोर तासन्‌तास बसलेला आहे हे वाचताना कळतं. नर गौरामी बुडबुड्यांचं घरटं कसं बांधतो आणि मादीला कधी पिटाळून लावतो, हे त्यांनी लिहिलंय तसंच माझ्या टाकीत घडलं. माशांचे स्वभाव नव्वद वर्षांत बदललेले नाहीत.

शिळं झालंय ते पाण्याचं प्रकरण. तेव्हा ‘समतोल टाकी’ची कल्पना होती: वनस्पती प्राणवायू देतात, मासे खत देतात, झालं. माशांच्या घाणीतून अमोनिया, त्याचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट ही साखळी आणि ती सुरू व्हायला लागणारे आठवडे यांचा त्यात पत्ता नाही. नव्या टाकीत पहिल्या पंधरवड्यात मासे पटापट का मरतात, त्याचं उत्तर या साखळीत आहे. म्हणून पुस्तक नवं असो की जुनं, सूचीत ‘नायट्राइट’ शोधावं. नसेल तर ते स्वभावासाठी वाचावं, पाण्यासाठी नाही.

लाइपझिगच्या ग्युंटर स्टेर्बा यांचं ‘फ्रेशवॉटर फिशेस ऑफ द वर्ल्ड’ हेही असंच जुनं. दिसायला अगदी पाठ्यपुस्तक, वाचताना झोप येते, आणि तरी ते कुणी मागितलं तर मी देणार नाही.

७. आपल्या नदीचं पान आहे का?

ही माझी सर्वांत आवडती परीक्षा, आणि जवळपास सगळी पुस्तकं हिच्यात नापास होतात.

झेब्रा डॅनिओ, ड्वार्फ गौरामी, हनी गौरामी, रोझी बार्ब हे पुण्यातल्या कुठल्याही दुकानातले खपणारे मासे. चारही आपल्याच देशातले, आणि चौघांनाही शास्त्रीय नाव दिलं ते फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ च्या एकाच पुस्तकात, गंगेच्या माशांवरच्या. त्यांच्यासाठी चित्रं काढणाऱ्या हलुदार या बंगाली चित्रकाराची आठवण म्हणून २०१३ मध्ये दक्षिणेतल्या बार्बांच्या एका गटाला ‘हलुदारिया’ नाव मिळालं. त्याच वर्षी दुकानांत ‘मिस केरळा’ म्हणून मिरवणाऱ्या माशाच्या गटाचं नाव झालं ‘सह्याद्रिया’. हा मासा रानात धोक्यात आहे. तो ओढ्यातून पकडून आणतात की टाकीत पैदास करतात, हे जे पुस्तक सांगतं ते माझ्या लेखी मोठं.

पण मुळा-मुठेचं काय? त्यासाठी टाकीची पुस्तकं मिटून ठेवावी लागली. कर्नल विल्यम सायक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी १८२४ पासून काही वर्षं दख्खनभर फिरले आणि इथल्या माशांवर त्यांनी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेसाठी निबंध लिहिला, १८३९ च्या सुमारास. आता तो स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतो. मी तो उघडला आणि चक्रावले. सायक्सनी बरीच नावं लॅटिनमधून शोधलीच नाहीत. नदीकाठच्या लोकांनी सांगितली ती ऐकून तशीच लावून दिली. कोलस, खुद्री, नुक्ता, पोटेल, फुलुंगी, सिंगटी. इंग्रज कानानं ऐकलेली, म्हणून थोडी वाकडी, पण आपली. एका अख्ख्या गटाचं नाव ‘रोहटी’. दख्खनचा महाशीर आजही जगभर ‘टोर खुद्री’ आहे आणि त्याचा पहिला नमुना पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेतला. म्हणजे पॅरिसच्या संग्रहालयातल्या बरणीवरही आपल्याकडचा शब्द असणार, आणि आम्ही दुकानात जाऊन ‘सिल्व्हर शार्क’ मागतो.

सायक्सच्या नंतर फ्रान्सिस डे यांचं ‘द फिशेस ऑफ इंडिया’ आलं, १८७५ ते १८७८. पुण्याच्या माशांची यादी फ्रेझर यांनी १९४२ मध्ये ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’च्या पत्रिकेत छापली, तोणपी आणि मुल्हेरकर यांनी १९६३ मध्ये आणखी एक केली. २००३ मध्ये पुण्यातल्याच अभ्यासकांनी जुन्या याद्या पुढ्यात घेऊन आजचे मासे ताडून पाहिले. या याद्यांना चित्रांची सजावट नाही, पण आपल्या पुलाखाली काय होतं आणि काय गेलं ते इथं कळतं. आणि काय अजून आहे तेही: २०१६ मध्ये पवना आणि नीरा नद्यांतून एका छोट्या बार्बची नवी जात नोंदली गेली, ‘पेथिया संजयमोलुरी’. पिंपरी-चिंचवडकर जिचं पाणी पितात, त्या नदीतला मासा विज्ञानाला २०१६ पर्यंत ठाऊक नव्हता!

सुरुवातीला म्हटलं ते, टाकीवाल्यांसाठी न लिहिलेलं पुस्तक म्हणजे के. सी. जयराम यांचं ‘द फ्रेशवॉटर फिशेस ऑफ द इंडियन रीजन’. त्यात ओळख पटवायच्या किल्ल्या आहेत: मिशा किती, पाठीच्या पंखात काटे किती, बाजूच्या रेघेवर खवले किती. पहिल्या महिन्यात काही कळलं नाही. मग एकदा पानशेतच्या बाजूला ओढ्यातला बोटभर मासा ओंजळीत धरून तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि तो कुठल्या गटातला ते निघालं. मासा परत सोडला. विकत घेतलेल्या एकाही माशानं तेवढा आनंद दिलेला नाही.

८. एखादा मासा पुस्तकात नसेल, तर दर वेळी दोष पुस्तकाचा नसतो.

डोक्यावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न आणि चोच मिटता न येणारा ब्लड पॅरट हे माणसानं संकर करून बनवलेले मासे. ते मूळचे रानातले नाहीत, म्हणून चांगल्या पुस्तकांत एकतर नाहीत किंवा दोन ओळींत आटोपलेत. ‘शुभ मासा’ म्हणून त्यांच्यावर चार-चार पानं खर्चणारं पुस्तक माझ्या सातांतलं शेवटचं. फ्लॉवरहॉर्ननं घरात पैसा येतो असं त्यात होतं. पुस्तकाच्या किमतीएवढा माझा तरी गेला.

९. समास रुंद हवा.

हे हसण्यावारी नेऊ नये. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही. माझा बेन्श बऱ्यापैकी मळलाय. निऑनच्या पानावर तीन मे महिन्यांची तापमानं आहेत, लोचच्या पानावर ‘निम्मं औषध’, कार्डिनलखाली ‘बोअरचं पाणी नको’. ऑस्करच्या पानावर दोनच शब्द आहेत, ‘आणू नये’, आणि त्याखाली नंतर वेगळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘मुलगा सुटीवर आला तरी.’